जुना सर्व्हर, नवा सर्व्हर आणि न उघडणारे दार

एखाद्या कार्यालयात, महाविद्यालयात किंवा शाळेच्या संगणक-कक्षात नवा सर्व्हर येतो. जुना सर्व्हर अजून चालू असतो, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांची माहिती त्याच्यातच साठवलेली असते. दोघांनाही एकाच जाळ्यात जोडले जाते. दोन्हींचे दिवे लुकलुकतात, दोन्ही आपापले काम बिनबोभाट करतात. परंतु नव्यावरून जुन्यातील फोल्डर उघडायला जावे, तर पडद्यावर नकाराचा संदेश येतो. मग कोणी म्हणते तार खराब आहे, कोणी म्हणते व्हायरस शिरला, तर कोणी जुने यंत्र मोडीत काढण्याचा सल्ला देते.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना फाइली, छपाई किंवा माहिती पुरवणारा संगणक. जो मागतो तो क्लायंट. एकच यंत्र कधी सर्व्हर असते, तर कधी क्लायंट. नागपुरात माती, पाणी, कापूस, पर्यावरण अशा विषयांवर काम करणाऱ्या अनेक संस्था आहेत. आमच्यासारख्या प्रयोगशाळांत जुना सर्व्हर सहजासहजी काढून टाकता येत नाही. एखादे महागडे उपकरण वीस वर्षांपूर्वी घेतलेले असते आणि त्याची आज्ञावली त्या काळच्या विंडोजवरच चालते. उपकरण उत्तम स्थितीत असते. म्हातारा झालेला असतो तो त्याच्या शेजारचा संगणक. त्याच्या पोटातील निरीक्षणे नव्या सर्व्हरवर आणता आली नाहीत, तर अनेक वर्षांचे काम अडकून पडते.

हा नकार म्हणजे यंत्राचा लहरीपणा नव्हे. त्यामागे ठरावीक कारणे असतात आणि ती क्रमाने शोधता येतात. ती कशी शोधायची, आणि नव्या यंत्राने जुन्याशी बोलणे मुळात का सोडले, हे या लेखात पाहू.

नकाराचे तीन प्रकार

आपण एखाद्याच्या घरी गेलो आणि भेट झाली नाही, तर त्याचे तीन प्रकार संभवतात. दार ठोठावले, पण आतून काहीच उत्तर आले नाही. किंवा दारावर शेजाऱ्याने सांगितले, ‘येथे त्या नावाचे कोणी राहत नाही.’ किंवा दार किलकिले झाले, कोणीतरी आपल्याला न्याहाळले आणि म्हटले, ‘तुम्हाला आत येता येणार नाही.’ तिन्ही वेळा भेट झाली नाही हे खरे, परंतु तिन्हींतून मिळणारी माहिती अगदी वेगळी आहे.

संगणकाच्या जाळ्यातही असेच घडते. पहिला प्रकार म्हणजे शांतता. क्लायंट वाट पाहून थकतो आणि वेळ संपल्याचा संदेश देतो. याचा अर्थ संदेश वाटेत हरवला, किंवा पलीकडच्या संरक्षक भिंतीने म्हणजे फायरवॉलने तो उत्तर न देताच टाकून दिला. दुसरा प्रकार म्हणजे तात्काळ नकार. यंत्र जिवंत आहे, वाट मोकळी आहे, परंतु ज्या दारावर आपण गेलो तेथे कोणी सेवा देत नाही. तिसरा प्रकार ‘प्रवेश नाकारला’ हा. हा संदेश पाहून लोक सर्वांत जास्त वैतागतात, पण शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला. तार ठीक आहे, पत्ता ठीक आहे, दार उघडे आहे, भाषाही जुळली आहे, एवढ्या गोष्टी त्या एका वाक्याने सिद्ध होतात. अशा वेळी तार बदलत बसणे व्यर्थ होय.

म्हणून पहिला नियम असा: संदेश नीट वाचावा आणि शब्दशः वहीत उतरवून घ्यावा. ‘उघडत नाही’ एवढ्या नोंदीचा काहीच उपयोग होत नाही.

आठ पायऱ्या

नव्या सर्व्हरवरून जुन्यातील फाइल उघडण्यापूर्वी साधारणपणे आठ गोष्टी जुळाव्या लागतात.

१) तार: दोन यंत्रांमध्ये विद्युत-संकेत जातात का?
२) पत्ता: दोघांचे आकडी पत्ते एकमेकांना पोहोचतील असे आहेत का?
३) नाव: यंत्राच्या नावावरून योग्य पत्ता सापडतो का?
४) दार: हवी ती सेवा देणारे पोर्ट उघडे आहे का?
५) बोली: दोघांना समजेल अशी एक तरी बोली आहे का?
६) वेळ: दोघांची घड्याळे जुळतात का?
७) ओळख: मागणारा कोण, हे पटवून देता येते का?
८) अधिकार: त्या व्यक्तीला ती फाइल पाहण्याची मुभा आहे का?

पहिल्या पायरीपासून एकेक तपासत गेले तरी चालेल, परंतु मधून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे. मनात धरलेली संख्या ओळखण्याचा खेळ आपण मुलांबरोबर खेळतो. १ ते ८ मधील संख्या ओळखायची असेल, तर ‘चारपेक्षा मोठी आहे का?’ या प्रश्नाने अर्ध्या शक्यता एकदम गळतात. आठ शक्यतांसाठी तीन प्रश्न पुरतात, कारण २ चा तिसरा घात ८ असतो. येथेही चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी. नव्या यंत्रावरून जुन्याचे नाव घेऊन ४४५ क्रमांकाचे पोर्ट उघडते का ते पाहावे. उघडले, तर पहिल्या चार पायऱ्या ठीक आहेत. न उघडले, तर दोष पहिल्या चारांतच आहे. प्रत्यक्षात प्रत्येक चाचणी बरोबर मध्यावर पडत नाही आणि कधी कधी दोन दोष एकाच वेळी असतात. अशा वेळी एक दोष दूर केला की फाइल उघडत नाहीच, मात्र नकाराचा संदेश बदलतो. संदेश बदलणे ही प्रगतीची खूण आहे हे विसरू नये.

‘पिंग’ ही आज्ञा येथे सर्वांच्या परिचयाची असते. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली आणि पाणबुडी शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिले. हाक मारायची आणि प्रतिध्वनी येतो का पाहायचे, एवढेच तिचे काम. प्रतिध्वनी आला, तर यंत्र जिवंत आहे हे निश्चित. परंतु न आला, तर ते मेलेले आहे असे म्हणता येत नाही, कारण नव्या विंडोजची फायरवॉल अनेकदा अशा हाकेला उत्तरच देत नाही. पुरावा मिळाला नाही म्हणजे वस्तू नाही असे होत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना समजावून देण्यास हे उदाहरण चांगले आहे.

पत्त्यातील एक बिट

दुसऱ्या पायरीवर एक गमतीदार अडचण येते. नवा पाठवतो ते जुन्याला पोहोचते, पण जुन्याचे उत्तर नव्याला मिळत नाही.

समजा, जुन्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५ आहे आणि नव्याचा १९२.१६८.११.७. प्रत्येक यंत्राला पत्त्याबरोबर एक ‘मास्क’ही दिलेला असतो. आपल्या मोहल्ल्याची हद्द कोठे संपते हे यंत्र त्यावरून ठरवते. पलीकडचे यंत्र आपल्याच मोहल्ल्यातले असेल, तर त्याला थेट हाक मारायची; नसेल, तर संदेश वेशीवरच्या यंत्राकडे म्हणजे गेटवेकडे सोपवायचा. जुन्याचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे. पुढे संगणक वाढले, पत्ते पुरेनात, म्हणून नव्याला २५५.२५५.२५४.० असा मास्क दिला गेला.

आता तिसरा आकडा द्विमान पद्धतीत लिहून पाहू. १० म्हणजे ००००१०१०, ११ म्हणजे ००००१०११ आणि २५४ म्हणजे १११११११०. मास्कमध्ये जेथे शून्य आहे, ते बिट तुलनेतून वगळले जाते. २५४ मध्ये शेवटचे बिट शून्य आहे आणि १० व ११ यांच्यात फरक आहे तो नेमका शेवटच्या बिटाचा. म्हणून नव्याच्या मते दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात. जुन्याचा मास्क २५५ म्हणजे सर्व बिटे १; त्याच्या मते नवा परगावचा. नवा थेट संदेश पाठवतो, तो पोहोचतोही. जुना उत्तर द्यायला गेटवे शोधतो आणि तो नेमून दिलेला नसेल, तर उत्तर घरातच राहते. दोन्ही यंत्रांचा मास्क सारखा केला की अडचण मिटते. एका बिटाच्या फरकाने दोन सर्व्हरांचे बोलणे कसे बंद होते ते यावरून दिसेल.

नावाच्या पायरीवरची नित्याची तक्रार अशी, की शेजारी यंत्रांच्या यादीत जुना सर्व्हर दिसतच नाही. ही यादी पूर्वी एका जुन्या सेवेच्या आधारे तयार होत असे. नव्या विंडोजमध्ये ती सेवा राहिलेली नाही. यादीत नाव नाही म्हणजे यंत्र नाही असे नव्हे. दूरध्वनीच्या वहीत नाव नसलेल्या माणसालाही क्रमांक ठाऊक असल्यास फोन करता येतोच. म्हणून यादीच्या भरवशावर न राहता थेट पत्ता देऊन पाहावे.

बोली जुळते कशी?

जुन्या-नव्याचा खरा पेच पाचव्या पायरीवर असतो. नागपूरकरांना तो लवकर समजेल. नागपूरहून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणारी छोटी गाडी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुंबई-हावडा मार्गाच्या ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. दोन्ही रूळ मजबूत, दोन्ही गाड्या सुस्थितीत. तरीही छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नाही. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. त्या काळाच्या खुणा आता मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतात.

फाइली वाटून घेण्यासाठी विंडोज जी भाषा वापरते तिला एसएमबी म्हणतात. १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी ती तयार केली. पुढे तिच्या अनेक बोली झाल्या. विंडोज एक्स्पी (२००१) आणि सर्व्हर २००३ यांना फक्त पहिली बोली येते. दुसरी बोली व्हिस्टाबरोबर आली, तर तिसरी विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ यांच्याबरोबर.

दोन यंत्रांची भेट झाली की क्लायंट आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी सांगतो. सर्व्हर त्यांतील स्वतःला येणारी सर्वांत नवी बोली निवडतो. याला वाटाघाटी म्हणता येईल. व्हिस्टाच्या यंत्राला पहिली आणि दुसरी बोली येते. म्हणून ते एक्स्पीशी पहिलीत बोलते आणि विंडोज १० शी दुसरीत. ही योजना अनेक वर्षे सुरळीत चालली. नवा प्रत्येक जण जुन्यांची बोली शिकूनच बाजारात येत असे. परंतु २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोजच्या आवृत्तीपासून पहिली बोली नव्या यंत्रांत आपोआप बसवली जाणे बंद झाले. लिनक्सवर हेच काम करणाऱ्या सांबा या आज्ञावलीनेही २०१९ मध्ये पहिली बोली मुळातूनच बंद ठेवण्याचे ठरवले. आता एक्स्पीचा संगणक आणि नवा सर्व्हर यांच्या याद्यांत सामाईक असे काहीच उरत नाही. वाटाघाटी फिसकटतात आणि जोडणी तुटते.

नव्याने जुनी बोली का सोडली?

येथे कोणीही विचारील, की जुनी बोली शिकवून ठेवण्यात बिघडले काय? बंद केलेली पहिली बोली नव्या यंत्रात पुन्हा चालू करता येते. थोड्या टिचक्या माराव्या लागतात एवढेच. बहुतेक ठिकाणी हाच उपाय सुचवला जातो आणि फाइल लगेच उघडतेही. परंतु तो करण्यापूर्वी २०१७ साली काय घडले ते ठाऊक असायला हवे.

विंडोजमध्ये पहिल्या बोलीतील संदेश वाचणाऱ्या भागात एक दोष होता. मुद्दाम वेडावाकडा रचलेला संदेश पाठवला, तर परवलीच्या शब्दाशिवाय दुसऱ्याच्या संगणकावर ताबा मिळवता येत असे. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने या दोषाचा उपयोग करणारे साधन बनवले होते. ते चोरीला गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले. मायक्रोसॉफ्टने दोष दुरुस्त करणारे ठिगळ १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केले होते, पण असंख्य यंत्रांवर ते लावले गेले नव्हते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर किडा पसरला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. तेथील बहुतेक बाधित यंत्रे एक्स्पीची नव्हती, तर ठिगळ न लावलेली विंडोज ७ ची होती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. दोष वयाचा कमी आणि निगा न राखण्याचा अधिक होता.

महिना-दीड महिन्यातच, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा किडा युक्रेनमधील एका करविषयक आज्ञावलीतून सुटला. जगभर जहाजवाहतूक करणारी मर्स्क कंपनी त्यात सापडली आणि तिच्याशी संबंधित असलेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही ठप्प झाले. मर्स्कला सुमारे ४००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा नव्याने उभे करावे लागले. हा किडा एकाच वाटेने येत नव्हता. ठिगळ न लावलेल्या यंत्रात तो त्या जुन्या दोषातून शिरे; तेथील परवलीचे शब्द चोरून पुढे ठिगळ लावलेल्या यंत्रांतही जाई. म्हणजे जाळ्यातील एक दुर्लक्षित यंत्र सगळ्यांच्या घराची किल्ली ठरू शकते.

याशिवाय आणखी एक धोका आहे. वाटाघाटी चालू असताना मध्येच कोणी बसला आणि क्लायंटच्या यादीतील नव्या, मजबूत बोली खोडून टाकल्या, तर सर्व्हरला वाटेल की समोरच्याला फक्त जुनीच येते. दोघेही सक्षम असूनही सर्वांत कमकुवत बोलीत बोलू लागतील. जोवर जुनी बोली येते, तोवर ती बोलायला भाग पाडले जाण्याची शक्यता राहते. अशी फसवणूक ओळखण्याची सोय एसएमबीच्या नंतरच्या बोलीत केली गेली. तरी सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे कमकुवत बोली येतच नाही असे करून टाकणे.

शाळेतील जुन्या संगणकावर अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत, त्यामागेही हीच गोष्ट असते. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील गुप्त संभाषणाच्या टीएलएस या पद्धतीच्या १९९९ आणि २००६ सालच्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये औपचारिकपणे बाद ठरवल्या गेल्या. एक्स्पीवरील इंटरनेट एक्सप्लोररला १९९९ ची आवृत्तीच वापरता येते. शिक्षकाला वाटते इंटरनेट बंद आहे. वास्तविक इंटरनेट चालू असते, सामाईक भाषा नसते.

चौदा अक्षरे की सात आणि सात?

ओळख पटवण्याच्या पायरीवरही जुन्या-नव्याचे भांडण होते. जुन्या विंडोजची परवलीचा शब्द तपासण्याची एक पद्धत अशी होती: शब्द चौदा अक्षरांपर्यंत घ्यायचा, सर्व अक्षरे मोठ्या लिपीत करायची आणि त्याचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा स्वतंत्र सांकेतिक ठसा काढायचा. यात बिघडले कोठे, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गणिताने दाखवता येते.

समजा, प्रत्येक जागी २६ रोमन अक्षरे आणि १० अंक, म्हणजे ३६ चिन्हांपैकी एक येऊ शकते. सात जागांसाठी शक्यता होतात ३६ चा सातवा घात, म्हणजे ७८,३६,४१,६४,०९६. सुमारे ७८३६ कोटी. चौदा जागांसाठी या संख्येला तिनेच गुणायला हवे. ती संख्या ६ वर २१ शून्ये दिल्यावर होईल त्याहूनही मोठी आहे. परंतु दोन तुकडे स्वतंत्रपणे तपासता येत असतील, तर चोराला गुणाकाराएवढे कष्ट पडत नाहीत, बेरजेएवढेच पडतात: ७८३६ कोटी अधिक ७८३६ कोटी. आजच्या संगणकाला हे काम किरकोळ आहे. गुणाकाराची बेरीज झाली आणि भक्कम कुलूप कागदी झाले.

म्हणून व्हिस्टानंतरची यंत्रे मागणी करताना ही पद्धत वापरत नाहीत. १९९८ पासून उपलब्ध असलेली सुधारित पद्धत वापरतात. जुना सर्व्हर किंवा जुने साठवण-यंत्र फक्त पहिली पद्धत जाणत असेल, तर परवलीचा शब्द अगदी बरोबर देऊनही ‘शब्द चुकीचा’ असाच संदेश मिळतो. माणूस तोच शब्द पुनःपुन्हा टंकत राहतो आणि शेवटी त्याचे खातेच बंद होते.

भिंतीवरचे नव्हे, आतले घड्याळ

सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे वेळ. मोठ्या संस्थांत ओळख पटवण्यासाठी ‘कर्बेरोस’ ही पद्धत वापरतात. ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली. तीत प्रत्येक मागणीवर वेळेचा शिक्का असतो. हेतू हा, की कोणी मधल्यामध्ये ती मागणी टिपून ठेवली आणि तासाभराने पुन्हा वापरली, तर ती शिळी म्हणून नाकारता यावी. विंडोजच्या जाळ्यात दोन घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक असला, की मागणी नाकारली जाते. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवरही ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते.

संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवते ती आतली नाण्याएवढी बॅटरी. ती काही वर्षांत संपते. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर संगणक-कक्षाचा मुख्य खटका बंद असतो आणि सगळा भार या बॅटरीवर पडतो. शाळा उघडते तेव्हा एखाद्या जुन्या यंत्राची तारीख पार मागे गेलेली असते. त्या यंत्राच्या दृष्टीने आजची प्रमाणपत्रे भविष्यकाळातली, म्हणून अग्राह्य. नवी आज्ञावली विकत घेण्यापूर्वी किंवा तंत्रज्ञ बोलावण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आणि वर्ष वाचून पाहावे. अनेकदा अगदी थोड्या रुपयांच्या बॅटरीत काम भागते.

मग करायचे काय?

पहिला आणि उत्तम उपाय अर्थातच जुन्याला नवी बोली शिकवणे, म्हणजे त्याची आज्ञावली सुधारणे. ते शक्य नसेल, तर माहिती कायमची नव्यावर हलवून जुन्याला निवृत्त करावे. परंतु उपकरणाला जोडलेला संगणक यांपैकी काहीच होऊ देत नसेल, तर दोन रुळांच्या स्थानकावरची युक्ती वापरावी: मध्ये माल चढवण्या-उतरवण्याचा एक फलाट.

हा फलाट म्हणजे जाळ्याच्या दोन कार्डांचा एक छोटा संगणक. एका कार्डाला फक्त जुने यंत्र जोडायचे. त्या बाजूला हा संगणक पहिली बोली बोलतो. दुसरे कार्ड संस्थेच्या जाळ्याला. त्या बाजूला तो फक्त नवी बोली बोलतो. महत्त्वाची अट अशी, की एका बाजूचा संदेश जसाच्या तसा दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. फाइल आधी फलाटावर उतरेल, तपासली जाईल आणि मगच पुढे जाईल. मधला संगणक नेहमी अद्ययावत ठेवायचा. जुन्याला इंटरनेट अजिबात द्यायचे नाही. असे केले म्हणजे संस्थेच्या शेकडो यंत्रांत जुनी बोली चालू करावी लागत नाही. धोका एका तारेपुरता मर्यादित राहतो.

शोध घेताना तीन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी आणि उपयोग झाला नाही तर पूर्ववत करावी. ‘पाहू या काय होते’ म्हणून फायरवॉल बंद केली असेल, तर चाचणी संपताच ती पुन्हा चालू करावी. प्रयोगशाळेत रसायनांचे प्रयोग करताना आपण मुलांना हेच सांगतो.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी वाटाघाटींचा खेळ वर्गात खेळता येईल. दोन विद्यार्थ्यांना क्लायंट आणि सर्व्हर करा. प्रत्येकाला बोलींची चिठ्ठी द्या: एकीवर १, २, ३, दुसरीवर २, ३, ४. क्लायंट चिठ्ठी पाठवतो, सर्व्हर सामाईकांपैकी सर्वांत मोठा आकडा निवडतो. उत्तर ३ येईल. मग एका चिठ्ठीवर फक्त १ लिहा आणि बोलणी कशी फिसकटतात ते पाहा. त्यानंतर दोघांच्याही चिठ्ठ्यांवर १, २, ३ लिहा आणि तिसऱ्या विद्यार्थ्याला मध्ये बसवा. तो २ आणि ३ खोडून चिठ्ठी पुढे देतो. दोघेही निमूटपणे १ वर समाधान मानतात. फसवले गेल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही.

आता वर्गाला विचारा: ही फसवणूक ओळखायची कशी? मुले बरीच उत्तरे देतील. ‘शेवटी दोघांनी आपापली मूळ चिठ्ठी मधल्याला बदलता येणार नाही अशा रीतीने पुन्हा ताडून पाहावी’ या उत्तरापर्यंत ती बहुधा स्वतःच पोहोचतील. एसएमबीच्या नव्या बोलीत आणि टीएलएसमध्ये हीच कल्पना वापरली आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटच्या पूर्वसुरी असलेल्या आर्पानेट या जाळ्याने आपली जुनी भाषा एका दिवसात सोडून आजची टीसीपी-आयपी ही भाषा स्वीकारली. तेव्हा जाळ्यात काही शेच यंत्रे होती, म्हणून ते साधले. आज कोट्यवधी यंत्रांना एकाच दिवशी बदलायला सांगणे अशक्य आहे. त्यामुळे जुने आणि नवे शेजारी-शेजारी राहणार आणि त्यांच्यात अशा अडचणी येतच राहणार. आपल्या शाळेतील प्रत्येक संगणकाची आज्ञावली कोणती, ती कोणत्या वर्षाची, घड्याळाची बॅटरी केव्हा बदलली आणि कोणती माहिती फक्त त्याच यंत्रात आहे, एवढी नोंद एका वहीत करून ठेवली, तर दार बंद होण्याच्या आधीच माहिती बाहेर काढता येईल. वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या एका गटाला हे काम दोन-तीन तासिकांत करता येण्यासारखे आहे.